उजवा हात, डावी बाजू

गोंदियाला शिकवायला आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनवाल्याने मला विचारलं, "मॅडम, नागपुर में कोई केस बिगड गया था क्या?" चहाचा कप पुढे सरकवताना, साखर कमी की जास्त असं विचारावं इतक्या सहज. मी म्हटलं, "नाही." त्याने मान हलवली, पण ती मला पटल्याची वाटली नाही.

साठीला टेकलेली न्यूरोसर्जन, चालती प्रॅक्टिस सोडून एका ट्रस्टच्या नव्या कॉलेजात एमबीबीएसच्या पोरांना शिकवायला का येईल, याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं काढलेलं होतं. कोणी म्हणे, नवऱ्याशी पटत नाही. कोणी म्हणे, कोर्टात खटला आहे. विद्यार्थ्यांमध्ये एक तिसरंच पसरलं होतं, की माझा हात थरथरतो म्हणून ऑपरेशनं सुटली. मी फळ्यावर मेंदूचं चित्र काढायला लागले की पहिल्या दोन बाकांवरची मुलं चित्राकडे न बघता माझ्या खडूकडे बघायची. मला ते दिसायचं.

खरं तर संशय घेण्यात मी त्यांच्यापेक्षा कमी नव्हते. आमच्या धंद्यात माणूस वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकतो, कोणाच्या सांगण्यावर भिस्त ठेवायची नाही. रुग्ण म्हणाला बरं वाटतंय, तरी त्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारायचा. नातेवाईक म्हणाले पडलाच नाही, तरी डोकं चाचपायचं. ही सवय दवाखान्यातून निघताना खुंटीला टांगून ठेवता येत नाही. फुलचूरला भाड्याने घेतलेल्या घरात मी शेजारणीने पाठवलेल्या भाजीचा वाटीसकट अर्थ लावत बसायची. तसंच विद्यार्थ्यांचं.

एमबीबीएसच्या मुलांना मेंदूची शस्त्रक्रिया शिकवायची नसते. त्यांच्यातले बरेचजण उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणार. तिथे सीटी स्कॅन नसतो आणि मीही नसते. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या पन्नास माणसांतून ज्याला लगेच गाडीत घालून पाठवायचं तो एक ओळखणं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या तासाला मी हे सांगितलं तेव्हा एकाने हात वर केला. "मॅडम, न्यूरोसर्जरीवर परीक्षेत किती मार्कांचं येते?" मी म्हटलं, फार थोडं. निम्म्या वह्या तिथेच मिटल्या.

वॉर्डात माझ्याकडे आठ जणांची तुकडी असायची. दर आठवड्याला मी त्यांना एक रुग्ण द्यायची. प्रत्येकाने त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि कागदावर लिहून आणायचं. तिसऱ्या आठवड्यात सात जणांच्या कागदांवर रुग्णाचं वय बासष्ट होतं. रुग्ण सव्वीस वर्षांचा होता. एकाने आकडे उलटे लिहिले आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवले. मी कागद फक्त बाजूला ठेवले.

आठवा कागद वेगळा होता. तो शेवटी उभ्या राहणाऱ्या एका मुलीचा होता. चोरखमाऱ्याकडच्या एका गावातली, घरी धानाची शेती, वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की खाली बघणारी. तिच्या कागदावर वय बरोबर होतंच, शिवाय लिहिलं होतं, "रुग्ण ताटातला उजवीकडचा भात खातो. डावीकडचा तसाच ठेवतो. विचारल्यावर म्हणतो, भात संपला." मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली की माणसाची अर्धी दुनिया अशी हरवते. पण ही खूण चौथ्या वर्षाच्या मुलीला दिसावी? मला तिच्या वयात दिसली असती की नाही, सांगता येत नाही.

कोणीतरी हिला सांगतंय, असं मी ठरवून टाकलं.

आधी संशय गेला सर्जरीच्या निवासी डॉक्टरवर. लातूरकडचा मुलगा, कामाने पिचलेला. मी त्याला विचारलं तर त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मी कशाला सांगू? मला जेवायला वेळ नाही." त्याच्या उत्तरापेक्षा चेहरा पडल्याचीच मी जास्त नोंद घेतली. मग सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "ती पोरगी तर रोज दुपारी इथंच राहते. पेशंटच्या खाटेवर बसून गप्पा मारते." सिस्टर सगळ्यांबद्दलच चांगलं बोलते, म्हणून तेही मी सोडून दिलं. आणि एक दिवस ती मला सीटी स्कॅनच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. मला बघून दचकली. झालं. ही आधी रिपोर्ट वाचते आणि मग त्यावरून तपासणी रचते, याबद्दल माझ्या मनात काही शंका राहिली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी एक म्हातारी दाखल झाली. सकाळी मी घरून निघत असतानाच निवासी डॉक्टरने तिच्या सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो फोनवर पाठवला. मेंदूवर साचलेलं जुनं रक्त स्पष्ट दिसत होतं. डोक्याला कधीतरी छोटासा मार लागतो, माणूस विसरून जातो, आणि आवरणाखाली रक्त थेंबथेंब जमत राहतं. कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं की माणूस बरा होतो. न्यूरोसर्जरीत इतकं समाधान देणारं दुसरं काम नाही. एवढी छोटी ऑपरेशनं मी इथे आल्यावरही करत असे. फोटोत रक्त उजवीकडे होतं. मी रिक्षातूनच फोन करून सांगितलं, "बारा वाजता घेऊ. उजवी बाजू. संमतीपत्र भरून घ्या, केस काढायला सांगा. आणि फिल्म, रिपोर्ट दोन्ही माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावा. कोणालाही दाखवायचं नाही."

"का, मॅडम?"

"सांगते नंतर."

पोहोचल्यावर मी त्या मुलीला एकटीला म्हातारीकडे पाठवलं. अर्धा तास दिला. दारात सिस्टरला उभं केलं. बाकीच्या सात जणांना घेऊन मी शेजारच्या खोलीत बसले आणि कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती पस्तीस मिनिटांनी आली. मी कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"रुग्ण विड्या वळते. दीड महिन्यापूर्वी पडवीच्या लाकडाला डोकं आपटलं होतं, घरी सांगितलं नाही. महिन्याभरापासून विड्या बिघडतात. तपासणारा माणूस बाद काढतो. सुनेला वाटते मुद्दाम करते. मी कागद कापून दिला आणि विडी वळायला सांगितली. डाव्या हाताने कागद नीट धरला. उजव्या हाताची बोटं गुंडाळी करू शकली नाहीत. तीनदा कागद सुटला. उजव्या हाताची शक्ती कमी. रक्त डाव्या बाजूला असावं."

मी वाचन थांबवलं. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. फोटोत तर रक्त उजवीकडे होतं. म्हणजे हिने तपासलंच नव्हतं. फिल्म मिळाली नाही म्हणून विडीची गोष्ट रचली आणि रचताना बाजू चुकली.

"कुठून उतरवलंस हे?"

"कुठूनच नाही, मॅडम."

"मग उजवा हात कसा काय?" मी फोन तिच्यासमोर धरला. "हे बघ. रक्त उजवीकडे. उजवीकडच्या रक्ताने कोणता हात जातो?"

"डावा."

"मग?"

बाकीचे सातही जण मान खाली घालून बसले होते. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. माझ्याशी ती नेहमी सांभाळून, पुस्तकी मराठीत बोलायची. या वेळी ते सुटलं.

"फोटो काय म्हणते ते मले माहीत नाही, मॅडम. हात उजवाच पडून राहिला. तुम्ही पाहून घ्या ना."

हे ती उद्धटपणे म्हणाली नाही, पण मागेही हटली नाही. मी उठले. तिचं खोटं सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणूनच उठले.

म्हातारी खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. वॉर्डातल्या न्हाव्याने नुकतंच काम संपवलं होतं. डोक्याची उजवी बाजू स्वच्छ, डाव्या बाजूला पांढऱ्या केसांचा अर्धा अंबाडा लोंबत होता. मी तिला दोन्ही हात समोर धरायला सांगितले, तळवे वर, डोळे मिटून. तिने धरले. मी मनात आकडे मोजायला लागले.

डावा हात स्थिर राहिला. उजवा आधी आत वळला आणि मग, पाण्यात काहीतरी बुडावं तसा, हळूहळू खाली गेला. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

माणूस आपली चूक कबूल करण्याआधी किती वाटा शोधतो, ते मला त्या मिनिटात कळलं. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं, की क्वचित दाब इतका वाढतो की मेंदूचा देठ पलीकडच्या कडेवर घासला जातो आणि कमजोरी रक्ताच्याच बाजूला दिसते. हे मुलांना समजावून सांगितलं असतं तर माझी विद्वत्ताही दिसली असती आणि फोटोही खरा ठरला असता. माझं तोंड उघडलंही होतं. पण असा रुग्ण बेशुद्ध असतो. ही बाई माझ्याकडे बघत विचारत होती, "काऊन वो बाई, का झालं?"

मी कपाट उघडायला गेले. फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली, कोपऱ्यातली डावं-उजवं दाखवणारी अक्षरं वाचली. रक्त डावीकडे होतं. रिपोर्टही काढला. त्यातही स्वच्छ लिहिलं होतं, डावी बाजू. निवासी डॉक्टरने घाईत फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर उलटी लावली होती आणि फोटो इतक्या जवळून काढला होता की अक्षरं त्यात आलीच नव्हती. बरोबर असलेली दोनच कागदपत्रं त्या सकाळी दवाखान्यात होती आणि ती मी स्वतः कुलपात घालायला लावली होती. संमतीपत्रावर "उजवी बाजू" लिहून म्हातारीच्या मुलाची सही झालेली होती.

ऑपरेशनच्या टेबलाजवळ मी फिल्म स्वतः बघितलीच असती, असं मी नंतर खूपदा स्वतःला सांगितलं. बहुतेक बघितली असती. नागपूरला कायम बघायची. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष एका मुलीची लबाडी पकडण्यात होतं आणि त्या लक्षातून काय निसटलं असतं, याची खात्री मी आजही देत नाही.

निवासी डॉक्टर दारात उभा होता. त्याने फिल्म बघितली, मग म्हातारीचं डोकं बघितलं. मी म्हटलं, "मुलाला बोलवा. कागद नवा करायचा. का नवा करतोय ते मी सांगेन."

म्हातारीचा मुलगा भला माणूस होता, नुसतं "ठीक आहे" म्हणत राहिला. सून मात्र पुढे आली. "आता डावी म्हणता. सकारी उजवी म्हनत होते. आमी कोनाचं खरं मानाव?" तिचं काय चुकलं होतं? मी तिला खिडकीपाशी नेलं, फिल्म दाखवली, अक्षरं दाखवली, मग सासूचे हात समोर धरायला लावले. उजवा हात खाली जाताना तिने बघितला. मग हळूच म्हणाली, "मंजे बुढी मुद्दाम नोती करत." आणि पदर तोंडाला लावला.

डावी बाजू भादरली. भूल डोक्याच्या कातडीपुरतीच दिली होती, त्यामुळे ड्रिल चालू असतानाही म्हातारी सिस्टरशी बोलत होती. आवरण उघडलं तसं जळक्या इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी दाबाने बाहेर आलं. आठही विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे होते. त्यातल्या एकाने, ज्याने वय उलटं लिहिलं होतं त्यानेच, विचारलं, "मॅडम, हे दुसऱ्या बाजूला उघडलं असतं तर?"

"तर तिथे नुसता मेंदू दिसला असता," मी म्हटलं. "चांगला, धडधडणारा. आणि मग मला बाहेर जाऊन तिच्या मुलाला सांगावं लागलं असतं."

त्या वर्षी मी घेतलेल्या सगळ्या तासांपैकी तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने उजव्या हाताने पेला उचलून दाखवला. मग हात डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, "दोनीकडचे केस कायले काढले?"

"आधी चुकीची बाजू काढली, आजी. आमची चूक झाली."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "मंग डोस्कं तरी बरोबर उघडलं का?"

"हो. ते बरोबर उघडलं."

"केस येतीन," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

त्या मुलीची माफी मी तुकडीसमोर मागितली, कारण आरोपही तिथेच केला होता. तिने फक्त मान डोलावली. दुपारी मात्र ती माझ्या खोलीच्या दारात आली.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर शक घेऊन राहिल्या होत्या, हे मला आधीपासून माहीत होतं. सीटीच्या खोलीतून निघताना तुम्ही पाहिलं ना, त्या दिवसापासून."

"तिथे काय करत होतीस?"

"एका पेशंटच्या बायकोला नेऊन दिलं होतं. तिला पाटी वाचता येत नव्हती."

"दचकलीस का मग?"

"तुम्ही तशाच पाहत होत्या."

मी तिला बसायला सांगितलं. विडीचं कसं सुचलं, असं विचारलं. तिची मावशी विड्या वळते, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या हातात काय बिघडलं ते तिच्या मांडीवरच्या सुपात दिसतं, असं ती म्हणाली. लोक तिच्याशी बोलतात कारण ती त्यांच्यासारखं बोलते, त्यात हुशारी काही नाही, असंही म्हणाली. मग थोडं थांबून तिने सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही नागपूर काऊन सोडलं?"

सहा महिन्यांत हे मला तोंडावर विचारणारी ती दुसरी. कॅन्टीनवाल्याला मी एका शब्दात उडवलं होतं. तिला तसं उडवता येईना.

"कोणतीही केस बिघडली नव्हती," मी म्हटलं. "पण शेवटच्या दोन वर्षांत मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. एकच फिल्म चार-चार वेळा बघायची. टाके घातल्यावर वाटायचं, आत काही राहिलं तर नाही. माणूस किती दिवस तसं जगेल? वाटलं, शिकवण्यात ते नसेल."

"मग?"

"मग काय. इथे येऊन एकदाही फिल्म न बघता बाजू ठरवली."

ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं. "चार वेळा पाहत होत्या तेच ठीक होतं, मॅडम," ती म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली.

निवासी डॉक्टर मात्र मला टाळायला लागला. राऊंडला यायचा, सांगितलेलं करायचा, पण डोळ्याला डोळा देत नसे. मी आल्यावर विभागात चुका लिहून ठेवायची एक वही सुरू करायला लावली होती. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्या सोमवारचं मी स्वतः लिहिलं होतं. त्याला वाटत होतं, मी त्यात त्याला अडकवलंय.

पंधरा दिवसांनी सडक अर्जुनी तालुक्यात शिबिर होतं. परतताना कोहमाऱ्याला आम्ही एका ढाब्यावर चहाला थांबलो. बाहेर ट्रकांची रांग होती, ड्रायव्हर तोंडं धूत होते. निवासी डॉक्टरने चहा तसाच ठेवला होता.

"मॅडम, एक विचारू? त्या वहीत माझं नाव आहे का?"

"नाही."

"मग कोणाचं आहे?"

"माझं. फोटोवरून बाजू मी ठरवली. फिल्म आणि रिपोर्ट मी बंद करून ठेवायला लावले. तू फिल्म उलटी लावलीस हे लिहिलंय, पण 'फिल्म उलटी लागली' असं. फोनवरच्या फोटोवरून यापुढे काही ठरवायचं नाही, हेही लिहिलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. वरिष्ठ असं लिहीत नसतात, हे त्याने आतापर्यंतच्या नोकरीत पुरेपूर बघितलं होतं. त्याचा विश्वास बसला नव्हता. चहा पिऊन आम्ही गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने मला सांगितलं, की तो सकाळी सातलाच आला होता, वही मागून घेतली, उभ्या उभ्या ते पान दोनदा वाचलं आणि परत जागेवर ठेवून दिली. सांगताना तिचा आवाज जरा खाली होता, मला राग येईल असं तिला वाटत असावं.

मी म्हटलं, "बरं केलं. वाचायलाच हवं होतं."